एकालाही न मारता गेम पूर्ण होतो का? ‘अहिंसक’ खेळाडू आणि उज्जैनच्या विक्रमाची जुनी अडचण

उज्जैन : हातात तलवार, अंगावर चिलखत, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रॅगन. आणि खेळणारा मात्र शेतातले कोबी तोडून शेतमालकाला विकतोय. कुणी अंगावर आलं तर पळतो, लपतो, समजूत घालतो. पण मारत नाही. कॉम्प्युटर गेम म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर फक्त धडाधड गोळीबार येतो, त्यांना हे खरं वाटणार नाही. पण असं खेळणारे जगभर आहेत आणि बऱ्याच वर्षांपासून आहेत. त्यांच्या भाषेत याला ‘पॅसिफिस्ट रन’ म्हणतात. आपण अहिंसक खेळ म्हणू.

विषय पोरखेळाचा वाटेल. पण २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली तेव्हापासून, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला तेव्हा पुन्हा, घराघरांत एकच वाद झाला : बंद कर, की खेळू दे? ज्या गेममध्ये मुलगा चार-चार तास बसतो, त्या गेममध्ये मारण्याखेरीज दुसरं काही करता येतं का, हे फारसं कुणी विचारलं नाही. अहिंसक खेळाडू नेमकं तेच तपासून बघतात. आणि तपासता तपासता ते ज्या अडचणीत येऊन पडतात, ती उज्जैनला फार जुनी आहे. विक्रमादित्य आणि वेताळाच्या गोष्टीत ती आहे, अशोकाच्या शिलालेखांतही आहे.

आधी गेमचा प्रकार समजून घेऊ. रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात खेळणारा एक पात्र घेतो आणि त्याचं आयुष्य चालवतो. ‘ओपन वर्ल्ड’ म्हणजे एका ठरलेल्या रस्त्याने जायची सक्ती नाही. डोंगर, गावं, बाजार, गुहा सगळं उघडं, जिकडे वाटेल तिकडे जा. या प्रकारातला सर्वांत गाजलेला गेम ‘स्कायरिम’. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ ला आणला. बर्फाळ मुलुख, दोन गटांचं यादवी युद्ध, आणि त्यात मेलेले समजले जाणारे ड्रॅगन परत आलेले. खेळणारा हा ड्रॅगनचा आत्मा शोषून घेऊ शकणारा एकमेव वीर. म्हणजे कथेने त्याला मारेकरी म्हणूनच जन्माला घातलंय.

अशा गेममध्ये न मारता जगायचं कसं? वाटतं त्यापेक्षा बरेच मार्ग आहेत. स्कायरिममध्ये जे काम कराल त्यात हात बसत जातो. सौदा केला की बोलण्याचं कौशल्य वाढतं, औषधी काढे केले की वैद्यकी, लोहारकाम केलं की लोहारकी. लाकडं फोडून वखारीवर विकता येतात. गव्हाच्या ओंब्या, बटाटे, कोबी काढून दिले की शेतकरी पैसे मोजतो. नदीकाठच्या एका बुरुजापाशी लुटारू २०० मोहरा ‘टोल’ मागतात. भरला की जाऊ देतात. (टोलविरोधात रस्त्यावर उतरलेल्या कोल्हापूरकरांना हा मार्ग पटायचा नाही.) आणि शेवटी जादू. समोरच्याचा राग शांत करणारा मंत्र या गेममध्ये आहे. पण तो फक्त ३० सेकंद टिकतो, आणि नवव्या पातळीपर्यंतच्याच शत्रूवर चालतो. पुढे मोठे मंत्र मिळतात. तरी थडग्यांतून उठणाऱ्या मढ्यांवर यातला एकही चालत नाही, त्यासाठी ती विद्या अगदी वरपर्यंत शिकावी लागते.

एक खोच मात्र इथे आहे, आणि नवखा अहिंसक खेळाडू तिथेच फसतो. खेळणाऱ्याची पातळी वाढली की गेम त्याच्या समोर जास्त ताकदवान शत्रू आणतो. पातळी तलवारीने वाढली की काढे विकून, याच्याशी गेमला घेणं-देणं नाही. म्हणजे व्यापार करून करून माणूस विसाव्या पातळीला पोचला, की त्याच्या वाट्याला विसाव्या पातळीचे दरोडेखोर येतात, आणि याला साधी काठी फिरवता येत नाही. विक्री वाढली म्हणून कर वाढला, पण नफा तेवढाच राहिला, असा हा हिशेब. म्हणून हे खेळाडू पळायला शिकतात. नकाशा तोंडपाठ करतात. कुठल्या गुहेला मागचं दार आहे हे त्यांना लढणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

२०१३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अशा खेळाडूंवर बातमी केली होती. तिच्यात एका कॅनेडियन विद्यार्थ्याने स्कायरिममध्ये चालवलेला ‘फीलिक्स’ नावाचा शांतताप्रिय भिक्षू होता. गेमने हे असं खेळायला सांगितलेलं नव्हतं. त्याबद्दल बक्षीस नाही, पदक नाही. नियम खेळणाऱ्याने स्वतःच घातलेला, आणि मोडला तर विचारणारंही कुणी नाही. उपवासासारखंच आहे. साबुदाणा चालतो का, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

खरी गंमत आणि खरी भानगड सुरू होते ती हा नियम कुठपर्यंत ताणायचा या प्रश्नापासून.

गेमच्या पहिल्याच प्रसंगात खेळणाऱ्याला फाशीच्या कैद्यासारखं बैलगाडीसारख्या गाडीतून वधस्तंभाकडे नेतात. ऐन वेळी ड्रॅगन येतो, धावपळ उडते, आणि एका सोबत्याबरोबर किल्ल्याच्या तळघरातून सुटका करून घ्यायची असते. तळघरात सैनिक आडवे येतात. अहिंसक खेळाडू काय करतो? कोपऱ्यात उभा राहतो. सोबती लढतो, सैनिक मरतात, दार उघडतं, दोघं पुढे जातात. खेळणाऱ्याचे हात स्वच्छ. पण खरंच स्वच्छ?

आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलंय. पतंजलींच्या योगसूत्रांत आणि जैन आचारातही हिंसेचे तीन प्रकार सांगितलेत : कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसरा करत असताना मान डोलावलेली. तळघरातला खेळाडू पहिलीतून सुटला. दुसरीतून सुटला का, यावर वाद होईल. तिसरीतून तर नाहीच सुटला, कारण तो दार उघडायची वाटच बघत होता.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यातल्या जैन घरांना दुसरी एक वर्गवारीही माहीत असते. गृहस्थासाठी हिंसा चार तऱ्हांची : ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी ती आरंभी, धंद्यात होणारी ती उद्योगी आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी करावी लागणारी ती विरोधी. गृहस्थाने संकल्पी पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन त्याला पुरत्या सुटत नाहीत, त्या शक्य तितक्या कमी करायच्या. साधूची गोष्ट निराळी. ही चौकट स्कायरिमवर ठेवून पाहिली तर ती आश्चर्य वाटावं इतकी नीट बसते. लोहारकीत हात बसावा म्हणून लोखंडी खंजीर घडवायचे आणि दुकानदाराला विकायचे, ही या गेममधली कमाईची जुनी युक्ती. अहिंसक खेळाडू ती बिनधास्त वापरतात. स्वतः खंजीर चालवत नाहीत, पण शेकड्याने बाजारात सोडतात. ही उद्योगी. काढ्यासाठी फुलपाखरू पकडलं की हातात फक्त त्याचे पंख येतात. ही आरंभी म्हणायची का? काही जण याच कारणासाठी फुलपाखरं सोडून फक्त वनस्पतींवर भागवतात. बाहेरच्याला हे वेड वाटेल. पर्युषणात हिरवी भाजी न खाणाऱ्या घरात वाटणार नाही.

एक प्रसंग तर असा आहे की त्यात चांगुलपणाच अंगाशी येतो. पहिल्या मोठ्या मोहिमेत एका जुन्या थडग्यातून दगडी पाटी आणायची असते, आणि वाटेतलं दार उघडायला सोन्याचा पंजा लागतो. तो पंजा आर्व्हेल नावाच्या चोराकडे. चोर कोळ्याच्या प्रचंड जाळ्यात अडकलेला, ‘सोडव, देतो’ म्हणतो. सोडवला की पंजा न देता पळत सुटतो, आणि पुढे मढ्यांच्या तावडीत नाहीतर काट्यांच्या सापळ्यात सापडून मरतो. मग खेळणाऱ्याने त्याच्या प्रेताजवळ वाकून पंजा काढून घ्यायचा. मारलं नाही, उलट वाचवलं; तरी प्रेताच्या खिशात हात घातल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

प्रेत आणि कोडं म्हटलं की उज्जैन आलंच. मराठी वाचकांसाठी एक जोडणी आधी. वेताळाच्या पंचवीस गोष्टी आज आपण उज्जैनच्या विक्रमादित्याच्या म्हणून ओळखतो, पण सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त हाच राजा त्रिविक्रमसेन नावाने येतो आणि त्याचं गाव आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. पुढे लोकांनी तो क्षिप्रेकाठी नेला. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आली, तेव्हापासून तर तो उज्जैनचाच झाला.

ही गोष्ट नीट पाहिली तर अहिंसक खेळाचा नमुनाच आहे. राजाकडे तलवार आहे, पण काम तलवारीचं नाही. स्मशानातल्या झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून न बोलता आणायचं आहे. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोकं फुटणार. बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. चोवीस वेळा राजा बरोबर उत्तर देतो आणि चोवीस वेळा माघारी चालत जातो. मार नाही, धाड नाही. चिकाटी, न्यायबुद्धी आणि पायपीट. पंचविसाव्या प्रश्नाला त्याला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो आणि त्यामुळेच पुढे जातो.

आणि मग शेवट येतो. ज्या साधूसाठी हे सगळं चाललंय तो राजाचाच बळी देणार आहे, हे वेताळ उघड करतो. साधू म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मला येत नाही, तुम्ही दाखवा. साधू वाकतो आणि राजा त्याचं मुंडकं उडवतो. साधूचं नाव क्षांतिशील, म्हणजे क्षमाशील. कथाकाराने हे नाव काही सहज ठेवलेलं नसावं. पंचवीस गोष्टी बोलण्यावर निभावल्या, पण शेवटच्या दारापाशी तलवार निघालीच.

स्कायरिममध्येही नेमकं हेच होतं. बोलून, पळून, पैसे भरून, दुसऱ्यांना पुढे करून बरंच अंतर कापता येतं. पहिला मोठा ड्रॅगनसुद्धा शहराचे शिपाई मारू शकतात. पण मुख्य कथेच्या टोकाला आल्डुइन नावाचा ड्रॅगन आहे, आणि त्याच्याशी बोलण्याची सोयच ठेवलेली नाही. तीन पुराणपुरुष मदतीला येतात, पण तो मेल्याशिवाय कथा संपत नाही. विक्रमाच्या गोष्टीत निदान फसवणूक उघड होते, राजाला कारण मिळतं. इथे कारण एवढंच की गेम बनवणाऱ्यांनी दुसरं दार बांधलं नाही. हा दोष खेळणाऱ्याच्या नियमाचा नाही, रचनेचा आहे. पण तो दिसतो कुणाला? जो न मारता तिथवर पोचतो त्यालाच. तलवार घेऊन पोचलेल्याला वाटतं, सगळं ठीकच आहे.

उज्जैनचा दुसरा माणूस अशोक. बाप बिंदुसार गादीवर असताना तो अवंतीचा कारभार बघायला उज्जयिनीत होता, असं बौद्ध परंपरा सांगते; तो स्वतः सम्राट झाल्यावरही इथे राजकुमार नेमलेला असे, हे ओडिशातल्या धौलीच्या लेखात आहे. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख हलवली गेली, हे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवलं आणि पश्चात्ताप व्यक्त केला. शाळेत आपण इथवर शिकतो. पण त्याच लेखात तो जंगलातल्या लोकांना बजावतो की, पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या हातात बळ आहे, तेव्हा नीट वागा. आणि पहिल्या शिलालेखातला स्वयंपाकघराचा हिशेब तर वाचण्यासारखा आहे. पूर्वी रोज लाखांनी प्राणी कापले जात, आता फक्त तीन : दोन मोर आणि एक हरीण, त्यातही हरीण रोज नाही; पुढे हे तीनही थांबतील. संपूर्ण अहिंसा जाहीर करणारा नव्हे, आकडा कमी करत नेणारा माणूस. स्कायरिममध्ये खेळणाऱ्याच्या खात्यावर किती माणसं, किती प्राणी मारले याची नोंद गेम ठेवतो, आणि अहिंसक खेळाडू त्या रकान्यांकडे असंच बघत असतात. शून्य राखणारे थोडे. बाकीचे आपापले ‘दोन मोर’ ठरवून घेतात : मढी चालतील, कारण ती आधीच मेलेली, लांडगा चालेल, माणूस नाही.

गेम बनवणाऱ्यांपैकी कुणी यावर विचारच केला नाही, असं नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा ४’ आणला. त्यात शेवटी मारायचा खलनायकच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ गुणांत पूर्ण होऊन ‘अवतार’ व्हायचं, एवढंच ध्येय. हा शब्द त्यांनी हिंदू परंपरेतून उचलला. आज प्रोफाइलवरच्या चित्रालाही ‘अवतार’ म्हणतात, त्या वापराच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी हे एक. त्या गेममध्ये जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी ठेवायची ते खेळणाऱ्याने स्वतः टाकायचं. कमी ठेवली तर ती काही बोलत नाही, माल देते. पण प्रामाणिकपणाच्या खात्यात तूट पडते, आणि ते कळतं फार उशिरा. साप, उंदीर असे स्वभावाने दुष्ट नसलेले प्राणी पळत असतील तर पळू द्यावे लागतात. लढाया आहेत, पण प्रत्येक मारण्याचा जाब आहे.

तीस वर्षांनी, २०१५ मध्ये, टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने आणखी पुढची मजल मारली. हे मोकळं जग नाही, छोटा गेम आहे. पण समोर येणाऱ्या प्रत्येकाला जिवंत सोडता येतं, आणि तसं केलं तरच सर्वांत चांगला शेवट मिळतो. आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्ये ‘डबलएजंट’ नावाचं एक पांडा-पात्र आहे. दोन लढणाऱ्या बाजूंपैकी कुठलीच न निवडता ते सुरुवातीच्या बेटावरच राहिलं, आणि नुसती फुलं खुडत, खनिजं खणत शंभराव्या पातळीच्याही पुढे गेलं. त्याला लागलेला वेळ मात्र तासांत नाही, दिवसांत मोजावा लागतो.

आपल्याकडचं काय? पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’त भारतीय पुराणकथा, देवळं, चित्रशैली सगळं सुंदर आहे. पण खेळणं म्हणजे राक्षसांशी लढणं. दुसरा मार्ग त्यात नाही. विक्रम-वेताळासारखा, बोलण्यावर चालणारा साचा घरात पडलेला असताना पहिला गाजलेला गेम त्रिशूळ फिरवण्याचाच निघावा, याचं थोडं वाईट वाटतं.

पालकांसाठी दोन गोष्टी. एक, अहिंसक खेळता येतो म्हणून स्कायरिम लहान मुलांचा होत नाही. युरोपात त्याला १८ वर्षांवरील, अमेरिकेत १७ वर्षांवरील असं प्रमाणपत्र आहे. खेळणाऱ्याने हात उचलला नाही तरी सुरुवातीलाच पडद्यावर शिरच्छेद होतो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती जास्त महत्त्वाची. स्कायरिम फ्रेंच, जर्मन, पोलिश, जपानी अशा भाषांत मिळतो; हिंदीत नाही, मराठीत तर नाहीच. तलवार फिरवायला वाचावं लागत नाही. बटण दाबलं की झालं. पण समजूत घालायची, सौदा करायचा, धमकीला उत्तर द्यायचं, तर समोर येणारी इंग्रजी वाक्यं भराभर वाचून योग्य ते निवडावं लागतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलासमोर चार पर्याय असतात. फ्रीगंजातल्या हिंदी शाळेतल्या किंवा निपाणीतल्या मराठी शाळेतल्या मुलासमोर पुष्कळदा एकच उरतो, आणि तो मारायचा. मग घरचे म्हणतात, पोराला मारामारीच आवडते. त्या पोराला दुसरा पर्याय वाचता आला नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी शेजारी बसून चार वाक्यांचा अर्थ सांगणारं कुणी असेल, तर तोच गेम वेगळा होतो.

स्कायरिमच्या निर्मात्यांनी कथेत एक जागा मात्र अशी ठेवली आहे जिथे हा सगळा प्रश्न उघड विचारला जातो. सर्वांत उंच शिखराखाली एक मठ आहे. तिथे ग्रेबिअर्ड्स नावाचे मौनी वृद्ध राहतात, आणि शिखरावर त्यांचा गुरू : पार्थुर्नाक्स, एक म्हातारा ड्रॅगन. त्याने एकेकाळी माणसांवर अत्याचार केले, नंतर पक्ष बदलला आणि हजारो वर्षं ध्यानात घालवून स्वतःचा स्वभाव ताब्यात ठेवला. ब्लेड्स ही ड्रॅगन मारणाऱ्यांची संघटना म्हणते, याला मार, तरच आम्ही मदत करू. नकार देता येतो, पण मग ब्लेड्सची दारं बंद. त्यांना समजावण्याचा पर्याय मूळ गेममध्ये नाही. खेळाडूंना हे इतकं खटकलं की त्यांच्यातल्याच एकाने ‘पार्थुर्नाक्स डायलेमा’ नावाची जोडणी लिहून फुकट वाटली. तिच्यामुळे गुरूला जिवंत ठेवून ब्लेड्सनाही गप्प बसवता येतं.

त्याच मठात दोन्ही युद्धखोर गटांना एका टेबलाशी बसवून तह करवण्याचाही एक प्रसंग आहे. कुठलं शहर कुणी सोडायचं, जुन्या कत्तलीची भरपाई कशी, यावर घासाघीस होते आणि खेळणारा मध्यस्थ असतो. अहिंसक खेळाडूंसाठी गेमचा हा कळस. यात एकच मेख आहे : हा तह होतो तो ड्रॅगनला सापळ्यात पकडायला मोकळीक मिळावी म्हणून.

त्यामुळे कित्येक जण तहापाशीच थांबतात. मुख्य कथा तिथेच सोडून देतात, घर घेतात, अनाथ मुलं दत्तक घेतात, काढे विकतात. २०१२ मध्ये आलेल्या पुरवणीने तशी सोयही करून दिली आहे. जग बुडवायला निघालेला आल्डुइन तिकडे वाटच बघत राहतो. खेळणारा गेल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही.